बदली नसलेला पाळक

बदली म्हणजे काय, हे आमच्या निलंग्याकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळा लागला की मास्तरांच्या घरी, तलाठ्याच्या घरी, बँकेतल्या साहेबांच्या घरी एकच विषय. औराद शहाजानीहून कासारशिरसीला, की थेट अहमदपूरला? मेथडिस्ट चर्चच्या पाळकाचेही तसेच असते. वार्षिक कॉन्फरन्स भरते, हिशेब होतात, ठराव होतात आणि शेवटी बिशप नेमणुकांची यादी वाचून दाखवतात. यादीत नाव आले की पाळकसाहेब भांडीकुंडी बांधून नव्या गावी. मंडळीला ते हवे होते की नको याची विचारपूस होते, पण शेवटचा शब्द मंडळीचा नसतो.

बाप्टिस्ट मंडळीत हा कारभारच नाही. तिथे बिशप नाही, म्हणून यादी नाही, म्हणून बदलीही नाही. पाळक हवा असेल तर मंडळीचे सभासद एकत्र बसतात, उमेदवाराचा उपदेश ऐकतात, चौकशी करतात, मत देतात आणि त्याला बोलावणे धाडतात. पगार मंडळीच्या दानातून. पटले नाही तर मंडळीच त्याला निरोप देते. चर्चची इमारत, सभासदांची नोंदवही, कुणाला प्रभुभोजनाला बसू द्यायचे आणि कुणाला नाही, हे सगळे त्या त्या मंडळीच्या हातात.

मग अशा शंभर-दोनशे स्वतंत्र मंडळ्यांचा 'संघ' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतो. मला त्याचे उत्तर धर्मशास्त्राच्या पुस्तकापेक्षा सहकारात लवकर सापडले. गावात विविध कार्यकारी सोसायटी असते. तिचे सभासद गावातलेच, तिचा चेअरमन गावातलाच. पण खताचा रेक एकटी सोसायटी मागवू शकत नाही, तुरीची खरेदी एकटी करू शकत नाही. म्हणून तालुक्याचा खरेदी-विक्री संघ. सोसायट्या संघाच्या सभासद, संघ सोसायट्यांचा मालक नव्हे. बाप्टिस्ट संघाचे गणित हेच. एका खेड्यातल्या चाळीस घरांच्या मंडळीला दवाखाना काढता येत नाही, पाळक तयार करणारे विद्यालय चालवता येत नाही, गीतपुस्तक छापता येत नाही. ते सगळ्यांनी मिळून करायचे. फरक एवढाच की इथे वर सहायक निबंधक बसलेला नसतो. संघाला एखादी मंडळी आवडेनाशी झाली तर तो तिला आपल्या यादीतून काढू शकतो, तिला बंद करू शकत नाही.

ही रीत जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १७०७ साली पाच मंडळ्यांनी मिळून असा संघ काढला. त्या काळी एक अडचण फार व्यावहारिक होती: कुठून तरी आलेला आणि स्वतःला उपदेशक म्हणवणारा माणूस खरा की भामटा, हे एकट्या मंडळीने कसे ओळखायचे? पाच जणांनी एकमेकांना विचारले तर कळते.

या सगळ्याच्या मुळाशी बाप्तिस्म्याबद्दलची एक समजूत आहे. बहुतेक चर्चेसमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून किंवा ओतून बाप्तिस्मा देतात. बाप्टिस्ट म्हणतात, विश्वास ठेवायचा तर तो ज्याचा त्याने ठेवला पाहिजे; बाळाच्या वतीने आईबापांना ठेवता येत नाही. म्हणून बाळाचे फक्त समर्पण करतात, प्रार्थना करून नाव देतात. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतः साक्ष देऊन, आणि तोही पूर्ण पाण्यात बुडवून. आमच्या मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात हे एप्रिल-मे महिन्यांत करायचे म्हटले तर पंचाईत आहे. कोरड्या मुलखातल्या बाप्टिस्ट चर्चमध्ये म्हणूनच आत हौद बांधलेला असतो; एरवी त्यावर फळ्या टाकून ठेवतात. आता पाहा, जो माणूस स्वतःच्या समजुतीने पाण्यात उतरला, त्याच्यावर दूरच्या बिशपने नेमलेला पाळक कसा लादणार? मंडळीची स्वायत्तता त्या हौदातूनच वर आलेली आहे.

पण निलंग्यात बसून बाप्टिस्टांबद्दल लिहायचे म्हणजे शेजारच्या घरात डोकावणेच. आमच्या बाजूला मिशनचा दवाखाना म्हटले की जुनी माणसे बिदरकडे बोट दाखवतात, आणि ते काम मेथडिस्टांचे. निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. मग उस्मानाबादला जोडले आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आले. निजामाच्या राज्यात मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतला होता, एकाने दुसऱ्याच्या शिवारात पेरायचे नाही असा अलिखित-लिखित करार. बिदर अमेरिकन मेथडिस्टांकडे. मेदक ब्रिटिश वेस्लियन मेथडिस्टांकडे. औरंगाबाद अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे. जालन्याला स्कॉटिश फ्री चर्च, जिथे नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले. आणि हनमकोंडा, नलगोंडा या तेलुगू मुलखात अमेरिकन बाप्टिस्ट. पश्चिमेला अहमदनगर-सोलापूर काँग्रिगेशनल अमेरिकन मराठी मिशनचे, मिरज-कोल्हापूर प्रेस्बिटेरियनांचे. म्हणजे एखादे कुटुंब मेथडिस्ट की बाप्टिस्ट, हे पुष्कळदा शास्त्रार्थाने ठरले नाही, आजोबांचे गाव कुणाच्या वाट्याला आले होते त्यावर ठरले.

यात मराठी माणसाला हसू यावे अशी एक गोष्ट आहे. मराठीतली अगदी आरंभीची छापील पुस्तके बाप्टिस्टांनी छापली. विल्यम कॅरी हा इंग्लंडातला चांभारकाम केलेला बाप्टिस्ट उपदेशक १७९३ साली बंगालात आला. १८०० पासून त्याने मार्शमन आणि वॉर्ड या सोबत्यांसह कलकत्त्याजवळ, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात ठाण मांडले. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवत असे. नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण काढले, १८१० साली कोश काढला. नवा करार मराठीत १८११ मध्ये आला, 'सिंहासनबत्तिशी' १८१४ मध्ये, तीही मोडीत. इतके मराठी छापून बाप्टिस्टांनी महाराष्ट्रात मंडळ्या मात्र फारशा उभ्या केल्या नाहीत. पुस्तके बंगालातून आली, मंडळ्या बांधल्या दुसऱ्यांनी. विदर्भात पुढे थोडे काम झाले. मेळघाटातल्या कोरकूंमधले जुने मिशन दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट या अमेरिकी गटाने हाती घेतले, आणि अमरावती-अचलपूर भागात त्यातून मराठी बाप्टिस्ट मंडळ्या वाढल्या. आकाराने ते काम लहान.

मोठे काम पाहायचे तर तेलुगू मुलखात उतरावे लागते. अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन १८३६ साली सुरू झाले आणि पुढची तीस वर्षे जवळजवळ रिकामे राहिले. नेल्लोर हे एकच ठाणे. अमेरिकेतल्या मंडळाच्या बैठकीत ते गुंडाळावे असे प्रस्ताव पुन्हा पुन्हा आले. नकाशावर एकुलत्या एका टिंबासारखे दिसे म्हणून त्याला 'लोन स्टार', एकटा तारा, हे नावच पडले. मग १८६५ मध्ये जॉन क्लफ आला आणि ओंगोलला राहू लागला. त्याच्या आधीच एक माणूस वाट पाहत होता असे म्हणायला हरकत नाही: यर्रगुंटला पेरय्या, मादिगा समाजातला, कातड्यांचा व्यवहार करणारा, योगमार्गी गुरूंच्या परंपरेत साधना केलेला. पेरय्या कामानिमित्त गावोगावच्या मादिगवाड्यांत फिरत असे आणि त्याच वाटांनी नवा विचारही फिरला. मादिगा मंडळीत येऊ लागले तशी क्लफच्या शाळेतून वरच्या जातींची मुले निघून गेली. मिशनला निवड करावी लागली, आणि ती त्याने मादिगांच्या बाजूने केली.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ आपल्याकडे दख्खनच्या दुष्काळांतला सर्वांत भयंकर म्हणून ओळखतात. मद्रास इलाख्यात तो आणखी क्रूर होता. क्लफ इंजिनिअरिंगची कामे जाणणारा होता. त्याने बकिंगहॅम कालव्याच्या साडेतीन मैलांच्या खोदाईचे सरकारी कंत्राट घेतले आणि उपाशी लोकांना मजुरी दिली. मुकादम म्हणून आपले उपदेशक नेमले. दिवसा खोदाई, मधल्या सुट्टीत गोष्टी. लोक बाप्तिस्मा मागू लागले तेव्हा त्याने चक्क नाही म्हटले. पोटासाठी धर्म बदलला असा बोल नको, म्हणून सव्वा वर्ष एकालाही पाण्यात उतरवले नाही. दुष्काळ सरला, मदत थांबली, आणि तरीही लोक आले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. सहा देशी पाळक, एका वेळी दोघे पाण्यात, थकले की दुसरी जोडी. मध्ये दुपारची विश्रांती. मिशनच्या इतिहासात हा आकडा अभिमानाने सांगतात. मला त्यापेक्षा ते सव्वा वर्ष जास्त बोलके वाटते.

दुसऱ्या दिवसापासून खरी अडचण सुरू झाली. हजारो नवे सभासद, शेकडो खेड्यांत विखुरलेले, बहुतेक निरक्षर, बहुतेक वेठबिगारीत अडकलेले. प्रत्येक खेड्याची मंडळी 'स्वतंत्र' असे म्हणायला ठीक. पण जिथे बायबल वाचणारा एकही माणूस नाही, तिथे स्वातंत्र्याचे करायचे काय? संघाच्या संस्था या गरजेतून उभ्या राहिल्या. रामपट्टणमला पाळकांचे विद्यालय आधीच होते, ते भरून गेले. खेड्याखेड्यांत प्राथमिक शाळा. तोच माणूस आठवडाभर मास्तर, रविवारी उपदेशक. ठाण्याच्या गावी बोर्डिंग आणि हायस्कूल. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबलवाल्या बाया. नेल्लोर, ओंगोल आणि हनमकोंडा इथे दवाखाने. त्यांतून नर्स तयार झाल्या. मादिगवाड्यातली मुलगी पांढरा गणवेश घालून वॉर्डात फिरते आणि गावातला मोठा शेतकरी तिच्या हातचे औषध घेतो, हे दृश्य कोणत्याही उपदेशापेक्षा लांब पोहोचले असणार.

सगळ्याच सेवा तितक्या निर्मळ नव्हत्या. कावलीला बाप्टिस्ट मिशनने सरकारच्या वतीने एरुकला जमातीची 'सेटलमेंट' चालवली. इंग्रजांच्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या लोकांची वसाहत. आत शाळा, धंदेशिक्षण, दवाखाना होता, हजेरीही होती. सोलापूरची सेटलमेंट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको. सेवा आणि पहारा एकाच फाटकातून आत जात होते.

परदेशी मिशनऱ्यांकडून कारभार तेलुगू लोकांकडे हळूहळू आला आणि १९६२ साली 'समावेशम् ऑफ तेलुगू बाप्टिस्ट चर्चेस' ही संघटना उभी राहिली. नावावर जरा थांबण्यासारखे आहे. मराठीत समावेश म्हणजे सामावून घेणे. तेलुगूत समावेशम् म्हणजे बैठक, सभा. बाप्टिस्टांच्या दृष्टीने तेलुगू अर्थच बरोबर: संघ म्हणजे वरची सत्ता नव्हे, ठरलेल्या दिवशी भरणारी बैठक. ईशान्येकडेही असे संघ आहेत. आओ नागांच्या संघाचे नाव 'आओ बाप्टिस्ट अरोगो मुंगदांग', १८९७ पासूनचा, ठाणे इंपुर. तिथली पहिली मंडळी १८७२ सालची. अमेरिकन मिशनरी क्लार्क यांच्या नावाने ती ओळखली जाते, पण त्यांच्या आधी डोंगर चढून नागांच्या गावात राहिला तो गोधुला नावाचा आसामी सुवार्तिक.

अशा बैठकीत प्रत्यक्षात काय चालते? मंडळ्या आपले प्रतिनिधी निवडून पाठवतात. सचिव अहवाल वाचतो, खजिनदार हिशेब मांडतो आणि कुठल्या मंडळीने ठरलेला वाटा भरला नाही हे भर सभेत वाचले जाते. माझ्या मते संघाकडे एवढीच खरी शिक्षा आहे. मग एकेक खाते: सुवार्ताप्रसार, शाळा, दवाखाने, महिला सभा, तरुण संघ, रविवारची शाळा, गीतपुस्तक, निवृत्त पाळकांची पेन्शन. पाळकाला दीक्षा देण्याआधी त्याची परीक्षाही बहुधा इथेच होते. मंडळी त्याला निवडते, पण शेजारच्या मंडळ्यांनी त्याला पाळक मानावे म्हणून संघ त्याला पारखतो.

पैशाचा उगम शेवटी चुलीपाशी असतो. मिझोराममध्ये बायका भात शिजत घालताना एक मूठ तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. 'बुहफाइ थाम' म्हणतात त्याला. १९१० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन बायकांनी सुरू केलेली ही रीत मिझो बाप्टिस्टांनीही उचलली. मूठमूठ तांदूळ विकून उपदेशकांचे पगार निघतात. आपल्याकडे मुष्टिफंडातून शाळा-बोर्डिंगे चालली, तेच हे.

बिशप नाही म्हणून वजन नाही, असा कुणाचा समज झाला असेल तर नागालँडकडे पाहावे. २०११ च्या जनगणनेत तिथे सुमारे ८८ टक्के लोक ख्रिस्ती आहेत, त्यांत बहुसंख्य बाप्टिस्ट. जमातीजमातीचे संघ मिळून १९३७ पासूनची नागालँड बाप्टिस्ट चर्च कौन्सिल झाली. १९८९ चा दारूबंदी कायदा मुख्यतः तिच्या रेट्याने आला. निवडणुकीत पैसा आणि दारू वाटू नका, मत विकू नका, अशी मोहीम ती चालवते. उमेदवार ते ऐकतात की नाही हा वेगळा विषय, पण ऐकल्यासारखे तरी करावे लागते. स्वायत्त मंडळ्यांच्या बैठकीला इतके बळ आले की ती सत्तेसारखीच वाटू लागते, आणि मग बाप्टिस्टांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: राज्य आणि चर्च यांच्यात अंतर किती ठेवायचे?

दक्षिणेकडच्या संघांची दुखणी दुसरी आहेत. मिशनरी गेले आणि मागे जमिनी राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी गावाबाहेर घेतलेले दवाखान्याचे आवार आज शहराच्या मध्यावर आले आहे. खेड्यातली मंडळी स्वतंत्र, पण हे आवार कुणाचे? संघाचे. संघ कुणाचा? निवडून आलेल्या कार्यकारिणीचा. म्हणून कार्यकारिणीची निवडणूक चुरशीची होते, पॅनेल पडतात आणि वाद कोर्टात जातात. कारखान्याच्या आणि बँकेच्या निवडणुका पाहिलेल्या मराठवाड्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. दवाखाने तर आणखी कठीण. परदेशी देणग्या आटल्या, डॉक्टर शहरात स्थिरावले, समोर खासगी रुग्णालये उभी राहिली. एके काळी सबंध जिल्ह्याचा आधार असलेले दवाखाने कसेबसे चालू ठेवावे लागतात.

आणि एक दुखणे नोंदवहीचे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना मिळाल्या. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा नाही. मंडळीच्या वहीत बाप्तिस्म्याचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावर जुनी जात, अशी दोन नावांची कुटुंबे त्यातून तयार झाली. मादिगा असोत की आपल्याकडचे मातंग, गणित सारखेच. ज्या पंथात सभासदाचे नाव वहीत चढणे ही सर्वांत मोठी गोष्ट, त्याच पंथातल्या गरीब सभासदाला ती वही लपवावीशी वाटावी, हे संघाच्या कुठल्याच अहवालात मावत नाही.

सगळ्या चर्चेसनी एक व्हावे असे प्रयत्नही झाले, आणि त्यातला मोठा प्रसंग आपल्याच राज्यात घडला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सहा चर्चसंस्था एकत्र आल्या. त्यांत ब्रिटिश बाप्टिस्ट मिशनच्या परंपरेतली कौन्सिलही होती. बाप्टिस्टांनी बिशप मान्य करावेत हे सोपे नव्हते. तडजोड अशी झाली की नव्या चर्चमध्ये बालबाप्तिस्माही चालेल आणि मोठेपणीचा बुडवून दिलेला बाप्तिस्माही. घराण्याने आपली रीत निवडावी. गंमत म्हणजे आधीपासून बिशप असलेले अमेरिकन परंपरेचे मेथडिस्टच ऐनवेळी बाहेर राहिले आणि पुढे १९८१ मध्ये त्यांनी मेथडिस्ट चर्च इन इंडिया ही स्वतंत्र संस्था केली. तेलुगू समावेशम् आणि नागा संघही या ऐक्यात गेले नाहीत. विलीन न होता सोबत काम करायची जागा मात्र आहे: नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस, तिचे मुख्यालयही नागपूरला. या चर्चेसची मदतसंस्था 'कासा' १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडे आली होती. ढिगाऱ्यात मदत घेणाऱ्याला देणारा बाप्टिस्ट की मेथडिस्ट, हे विचारायला सवड नव्हती.

श्रीरामपूरचा धागा मात्र या सगळ्यांच्या घरात पोहोचलेला आहे. कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली काढलेल्या कॉलेजला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याचा अधिकार दिला. राज्य बदलले, अधिकार टिकला. आज देशभरातली अनेक धर्मशास्त्र विद्यालये श्रीरामपूरशी संलग्न आहेत: यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, तसेच जबलपूरचे मेथडिस्टांचे लिओनार्ड कॉलेज. म्हणजे आमच्या भागातल्या मेथडिस्ट पाळकाच्या बैठकीच्या खोलीत जी पदवी चौकटीत लावलेली असते, ती पुष्कळदा बाप्टिस्टांनी काढलेल्या कॉलेजाच्या नावाची, डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिक राजाच्या सनदेने दिलेली. बिशपच्या यादीत नाव आले की ती चौकट भिंतीवरून उतरते आणि जुन्या लुगड्यात गुंडाळून टेम्पोत बसते.